शिवणाच्या खोलीतलं गणित

बाई,

काल मी माझ्या मुलीशी खोटं बोलले आणि ते तुमच्याविषयी होतं, म्हणून हे लिहायला बसले आहे. तिचा अकोल्याहून फोन आला होता. ती बँकेत आहे. बाळंतपणाची रजा पुढच्या सोमवारी संपते, आणि तिचे साहेब म्हणतात, यायचं तर पूर्ण वेळ या, नाहीतर बिनपगारी रजा टाकून घरी बसा. तिनं आणखी दोन-चार ठिकाणी विचारून पाहिलं. अर्ध्या दिवसाची बाई कोणालाच नको आहे. मग तिनं मला विचारलं, "आई, तू कसं केलंस गं? मी तीन महिन्यांची असतानाच तू कामावर गेली होतीस ना?" मी म्हटलं, "केलं. आम्हाला कोणी सवलती दिल्या नव्हत्या आणि आम्ही मागितल्याही नव्हत्या." ती म्हणाली, "बरं, ठेवते," आणि तिनं फोन ठेवला. सवलत मी मागितली होती आणि मला मिळालीही होती. तुम्ही दिली होती. पण ती तुम्ही अशा काही तऱ्हेनं दिलीत की पुढं कोणाला सांगायची सोयच राहिली नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी तुमचा राग आला की तो ताजाच येतो.

तेव्हा तुम्ही अमरावतीच्या आमच्या मुलींच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होतात आणि मी तुमच्या हाताखाली गणित शिकवत होते. आपल्या शाळेत शिक्षिकांना नावं नसायची, विषय असायचे. भूगोलवाल्या बाई, इंग्रजीवाल्या बाई, गणितवाल्या बाई. तुम्ही तेवढ्या मोठ्या बाई. मला ते आवडायचं. कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, त्यातली एक मध्येच लग्न होऊन गेली, आणि शेवटचं वर्ष मी पहिल्या बाकावर एकटीनं बसून काढलं. त्यामुळे कोणी "गणितवाल्या बाई" अशी हाक मारली की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. मुलगी झाली ती माहेरी, अकोल्याला. रजा दिवाळीच्या सुट्टीला जोडून संपत होती. यजमान शेतकी खात्यात, दिवसभर भातकुलीकडच्या गावांतून सायकलवर फिरायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. सासूबाई गावी. कापूस वेचणीचे दिवस, त्यांनी निरोपच पाठवला होता, "कापूस घरात आल्याबिगर मी हालत नाई." आणि माझी आई म्हणत होती, "पोरीले माह्याजवळ ठेव. शनिवारी येत जा, सोमवारी जात जा. लोकं नाई का ठेवत?" म्हणजे नोकरी ठेवायची तर मुलीला आठवड्यातून एकदा पाहायचं, नाहीतर नोकरी सोडायची. दोन्हीपैकी एकही मला मान्य नव्हतं.

सुट्टी संपायला चार दिवस असताना मी मुलीला आईजवळ ठेवलं, सकाळच्या पॅसेंजरनं निघाले, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि राजापेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत येऊन उभी राहिले. तुम्ही चुलीपुढं बसून भाकरी थापत होतात. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणालात, "आधी जेवा. बाळंतीण बाईनं उपाशीपोटी भांडू नये." भांडायला आले हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. मी पाटावर बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. पहिले चार तास द्या, मधल्या सुट्टीनंतर मला घरी जाऊ द्या, पगार अर्धा चालेल. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत, वरून पाणी फिरवलंत आणि म्हणालात, "जागा पुरी मंजूर आहे. अर्धी बाई मी मस्टरवर कशी लिहू? वरची लिहू का खालची?"

मला हसू आलं नाही. तुम्ही विचारलंत, "दुसऱ्या कोण्या शाळेत पायलं?"

"पाहिलं. एका ठिकाणी म्हणाले, मूल मोठं झालं की या. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात? शेतकी खात्यात आहेत, म्हटलं. तर म्हणाले, मग तुम्हाला नोकरीची गरजच काय?"

तुम्ही ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवलीत. मग हात तिथंच थांबला. "पोरगी अंगावर पिते न?" मी हो म्हटलं. "मंग ठेचा नका खाऊ," म्हणून ती वाटी परत ओढून घेतलीत आणि तिच्या जागी वरणाची ठेवलीत. पुढं एक अक्षर नाही. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, हात धुतले, आणि नकार मिळाला असं समजून गाडी गाठली. बाई, त्या दिवशी तुम्हाला एवढंच म्हणता आलं असतं, "पाहते." दोन अक्षरं जास्त बोललं की शाळेचा खडू संपतो अशातला भाग नव्हता.

शाळा उघडली त्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत नवं वेळापत्रक लागलं होतं. नववी, दहावी, अकरावी, तिन्हींच्या गणितापुढं लाल शाईत "मु. अ." लिहिलेलं. माझ्या नावापुढं पाचवी ते आठवी शिवण, सोमवार ते शनिवार, सगळे तास. शिवणाच्या म्हाताऱ्या बाई दिवाळीत निवृत्त झाल्या होत्या. मी तिथं उभी राहून ते दोनदा वाचते आहे आणि मागून भूगोलवाल्या बाई म्हणताहेत, "काय वो गणितवाल्या बाई, आता काज-बटन का?" आणि इंग्रजीवाल्या बाई चष्मा पुसत, "असू द्या हो, हेमटाक्याचंही एखादं प्रमेय असेलच." मी तडक तुमच्या खोलीत आले.

"मी बी.एस्सी. आहे."

"मले माहीत आहे. तुमचं सर्टिफिकेट माह्याच कपाटात आहे."

"मग गणित कोण शिकवणार?"

"मी."

"तुम्ही?" तुमचा विषय मराठी. कविता तोंडपाठ असायच्या तुम्हाला, पण स्टाफच्या चहाचा हिशेब मी करून द्यायची.

"काहून? मले बेरीज येते," तुम्ही म्हणालात आणि टपाल उघडायला घेतलंत. "शिवणाची खोली मागं आहे. आजपासून जा."

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या अध्यक्षांना दोन पानी अर्ज लिहिला. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे, कारण तेव्हा ते मला फार झकास वाटलं होतं. "माझ्या शैक्षणिक पात्रतेस अनुसरून काम मिळावे, अन्यथा हा माझा हेतुपुरस्सर अवमान समजणे मला भाग पडेल." अर्ज मी स्वतः नेऊन दिला. मुलगी अकोल्याला होती. दुपारी दोनला, तिच्या पिण्याच्या वेळेला, पाचवीच्या मुली धावदोरा घालत असताना माझं पोलकं ओलं व्हायचं. मी पदर दुहेरी घेऊन फळ्याकडे तोंड करायची. मधल्या सुट्टीत दार लावून दूध पिळून टाकायची. तीन महिन्यांच्या मुलीचं दूध मी शाळेच्या मोरीत ओतत होते आणि संस्थेला पात्रतेचे अर्ज लिहीत होते. रागावलेल्या माणसाला हे दोन्ही एका दिवसात जमतं.

शुक्रवारी घंटा देणाऱ्या मावशी खोलीत आल्या. मुली सुटल्या होत्या. मावशी तुळईकडे पाहत म्हणाल्या, "बाई, कडी मजबूत आहे वो. मी स्वतः लटकून पायली."

"कसली कडी?"

"झोळीची. मोठ्या बाईनं दिवाळीतच सुताराकडून ठोकून घेतली. तुमी पोरीले काहून नाई आणून राहिल्या? बरी आहे न ते?"

मी वर पाहिलं. तुळईला नवी कोरी लोखंडी कडी होती. मैदानाकडच्या खिडकीला जाड पडदा होता, कोपऱ्यात नवी चटई गुंडाळून उभी होती, पाण्याला झाकणाचा माठ होता. मागच्या बोळीत उघडणाऱ्या दाराची आतली खिट्टी बदललेली होती. मी पाच दिवस खाली मान घालून हेमटाके तपासत होते आणि यातलं एकही माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. मावशींनी सगळं सांगितलं. शिवणाला परीक्षा नाही, साहेब लोक त्या खोलीत डोकावत नाहीत, पोरगी रडली तरी आवाज पुढं जात नाही. संस्थेचं कोणी आलं तर घंटेचा एक ठोका जास्त पडेल, मग पोरीला मागच्या दारानं मावशींच्या घरी न्यायचं. ते बोळीतच, चार पावलांवर होतं. "मोठ्या बाईनं तुमाले नाई सांगतलं?"

"नाही."

"त्या कायच्या सांगतेत," मावशी म्हणाल्या. "मले बी कडी ठोकून झाल्यावर सांगतलं."

बाई, सुताराला माहीत होतं. मावशींना माहीत होतं. ज्या बाईसाठी ते सगळं चाललं होतं तिला तेवढं कळवायचं राहिलं. आणि मी गणित शिकलेली बाई, मलाही पाच दिवसांत दोन आणि दोन मांडता आले नाहीत.

अध्यक्ष आणि सेक्रेटरी शनिवारी शाळा सुटल्यावर आले. अध्यक्ष वकील होते, मोठ्यानं बोलायचे. माझा अर्ज त्यांच्या हातात होता. मी टेबलाच्या एका बाजूला उभी, तुम्ही आपल्या खुर्चीवर, दोन्ही हात टेबलावर. अर्ज लावून धरला असता तर गणित परत मिळत होतं आणि मुलगी अकोल्याला राहत होती. मागे घेतला तर मुलगी मिळत होती आणि गणित जात होतं. खरं सांगितलं असतं तर दोन्ही गेलं असतं, आणि शाळेच्या आवारात पाळणाघर काढलं म्हणून तुम्हालाही घरी जावं लागलं असतं. अध्यक्ष तुम्हाला म्हणाले, "अवो, बी.एस्सी. बाई आमाले शोधून सापडत नाई, अन् तुमी तिच्या हाती सुई देऊन राहिल्या! कारण काय?"

"वेळापत्रक मी लावते."

"ते ठीक आहे. पण कारण?"

"सांगतलं न. मी लावते."

सेक्रेटरी खोकले. मी तुमच्याकडे पाहत होते. वाटत होतं, एकदा तरी वर बघाल, डोळ्यांनी काही खुणावाल. तुम्ही टीपकागद सारखा करत होतात. मला काय हवं ते मीच ठरवावं म्हणून तुम्ही गप्प बसला होतात, असं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या वेळी मात्र तुमच्या डोक्यावर तो टीपकागद फेकावा असं वाटलं.

"मी अर्ज मागे घेते," मी म्हटलं.

"काहून?"

"मला शिवण आवडायला लागलं."

"आठ दिवसांत?"

"सहा."

अध्यक्ष एवढे हसले की बाहेर मावशींनी दारातून डोकावून पाहिलं. "लिहून घ्या हो," ते सेक्रेटरींना म्हणाले, "बी.एस्सी. बाईले काज करण्याचा शौक लागला!" पुढं कित्येक वर्षं ते मला गॅदरिंगमध्ये भेटले की कोटाचं बटण दाखवून विचारायचे, "पाहा बरं, पक्कं आहे का?" ती थट्टा मी एकटीनं सोसली. तुम्ही त्या दिवशी त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत आलात आणि मला म्हणालात, "गाडी साडेपाचची आहे. गेल्या नाई अजून?"

मी गेले. रविवारी मुलीला घेऊन निघाले तेव्हा आईनं अंगणातच अडवलं. "शाळेत? पोरगी का दप्तर आहे, काखेत मारून चालली ते?" मी म्हटलं, शाळेनं व्यवस्था केली आहे. आई म्हणाली, "कोण्या शाळेनं अशी व्यवस्था केली वं माय? मले तं सांग." मी सांगितलं नाही. पुढं महिनाभरानं ती अमरावतीला आली, झोळीचं पांढरंशुभ्र पातळ तिनं हातात घेऊन पाहिलं आणि कोणाचं म्हणून विचारलं. ते मावशींचं होतं. दीक्षेला नागपूरला गेल्या तेव्हा नेसलेलं. धुऊन धुऊन मऊ झालं आहे, पोरीला टोचणार नाही, म्हणून त्यांनी पेटीतून काढून दिलं होतं. मी आईला म्हटलं, "शाळेचं आहे." आईनं आणखी विचारलं असतं, म्हणून मी विषय बदलला. बघा, खोटं बोलायची सवय मला कालची नाही.

मग दोन वर्षं आपण दोघींनी मिळून गणित शिकवलं, आणि त्या दोन वर्षांइतका वैताग मला नंतर कधी आला नाही. रोज मधल्या सुट्टीत तुम्ही मागच्या खोलीत यायच्या. मुलीला झोळीतून काढून मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हं, उद्याचं सांगा." मी उद्याचा पाठ चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असायचा, पायरीपायरीनं, फळ्यावर कुठून सुरुवात करायची तेसुद्धा. बीजगणित तुम्हाला कसंबसं जमलं. भूमिती तुम्ही कवितेसारखी पाठ केलीत. प्रमेयाला चाल लावायचं तेवढं बाकी होतं. अक्षरसुद्धा इकडचं तिकडे होत नसे, पण एखाद्या मुलीनं त्रिकोणाला अबकच्या ऐवजी पफब नाव दिलं की तुमची गाडी रुळावरून घसरायची. अकरावीच्या मुली मला येऊन सांगायच्या. त्या काज शिकण्याचं निमित्त करून यायच्या आणि कापडाच्या घडीत वही आणायच्या. "बाई, मोठ्या बाई म्हणतात, माह्या वर्गात त्रिकोण अबकच असतो. दुसरा पायजे असंल तं घरी काढा."

मी तुम्हाला म्हटलं, "बाई, अक्षरं कोणतीही चालतात."

"कशी चालतीन? उद्या तुमच्या पोरीले मी दुसऱ्याच नावानं हाक मारली तं ते येईन का?"

"ती माणूस आहे. हा त्रिकोण आहे."

"मंग त्रिकोणाले तं अजूनच समजत नाई," तुम्ही म्हणालात, आणि मुलगी तुमच्या चष्म्याची काडी चावत होती, तिला चावू दिलीत.

एकदा कोन दुभागताना तुम्ही फळ्यावर कंपास एवढ्या जोरानं रोवलात की त्याचं टोक मोडलं. एकदा सेक्रेटरी अचानक आले, मावशींनी जास्तीचा ठोका दिला, आठवीची एक मुलगी झोळीसकट पोरीला उचलून मागच्या दारानं पळाली आणि मी तिच्या जागी बसून तिचं झबलं शिवत असल्याचं दाखवलं. सेक्रेटरींनी ते उचलून पाहिलं. "हात बसला बाई तुमचा," ते म्हणाले. हात खरंच बसला होता. त्याचाही मला राग आला.

पहिल्याच वर्षी मॅट्रिकचा गणिताचा निकाल चांगला लागला. गॅदरिंगला अध्यक्षांनी तुम्हाला शाल-श्रीफळ दिलं. मराठीच्या बाईनं गणितात असा निकाल लावला, वगैरे. मी मागच्या रांगेत मुलीला घेऊन बसले होते आणि वाट पाहत होते, आता तरी माझं नाव घ्याल. तुम्ही उठलात, "मुलींनी कष्ट केले," म्हणालात आणि बसलात. दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत चिठ्ठी लिहून ठेवली नाही. तुम्ही आलात, रिकामा कागद पाहिलात, मुलीला मांडीवर घेतलंत.

"रुसल्या?"

"मी का रुसू? निकाल तुमचा."

"तुमचं नाव घेतलं असतं तं पैले हेच विचारलं असतं, शिवणाच्या खोलीत गणित कसं काय? मंग कोणीतरी पायाले आलं असतं. मंग हे दिसलं असतं," तुम्ही वर तुळईकडे बोट केलंत. "नाव पायजे का पोरगी पायजे, ते तुमी सांगा. मी आत्ता जाऊन सांगते त्याईले."

मी कागद ओढून चिठ्ठी लिहायला घेतली. तुमचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या माणसानं दुसऱ्याला थोडं बरं वाटेल असं बोललं तर काय बिघडतं, हे मात्र मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मुलगी दोन वर्षांची होत आली, सासूबाई येऊन राहिल्या आणि जूनमध्ये तुम्ही वेळापत्रकात माझ्या नावापुढं परत गणित लिहिलंत. मला वाटलं, बोलावून काही म्हणाल. तुम्ही रीतसर चार्ज दिलात. प्रयोगशाळेचा देतात तसा यादी करून, खाली देणार आणि घेणार अशा दोन सह्यांच्या जागा सोडून. शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलं होतं, "भूमितीत कच्च्या मुली, अकरा. कारण : देणार." मी वाचलं आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही शाईची दौत पुढं केलीत. "खरं आहे ते लिहिलं. सही करा." मी सही केली. तुम्ही मला माझा विषय परत देताना स्वतःच्या दोषाची नोंद करून दिली होतीत, आणि मला, खरं सांगते, विजय झाल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तुम्ही सुतळीनं बांधून दिला होता. महिनाभरानं मी तो सोडला. त्या अकरांपैकी तिघी एकाच ठिकाणी अडत होत्या, वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या प्रमेयात, चौथ्या पायरीवरून सरळ सहाव्या पायरीवर उडी मारायच्या. चिठ्ठी काढून पाहिली तर पाचवी पायरी माझ्याच चिठ्ठीत नव्हती. मुलीला दात येत होते, ताप होता, ती एका हातावर आणि पेन दुसऱ्या हातात, अशी ती चिठ्ठी लिहिलेली. तुम्ही तुमच्या सवयीप्रमाणे ती जशीच्या तशी पाठ केलीत आणि जशीच्या तशी शिकवलीत. बाकीच्या हुशार मुलींनी ती पायरी आपली आपण भरून घेतली. या तिघींनी तुमच्यावर विश्वास ठेवला. मी त्यांना ती पायरी समजावून दिली, अर्ध्या तासाचं काम. तुम्हाला सांगायला तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तुम्ही कोणावर तरी रागावत होतात. मी परत फिरले.

चार वर्षांनी तुम्ही आजारी पडून भावाकडे अकोल्याला गेलात. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, हात काटक्यांसारखे झालेले. पोरगी कोणत्या वर्गात आहे ते विचारलंत. मग म्हणालात, "त्या अकरा जणी पास झाल्या होत्या न?"

"सगळ्या."

"त्यातल्या तिघी त्या स्पर्शिकेत फसत. मी कितीदा घोकलं ते, पण माह्याच डोक्यातून एक पायरी गळून जाये. कोठी गळली ते समजलंच नाई मले." तुम्ही खिडकीकडे पाहत होतात. "सोपं असंल न ते?"

मी म्हटलं, "चहा गार होतोय, बाई."

त्यानंतर तुम्ही पंधरा दिवस होतात. तुम्हाला न बोलण्याबद्दल मी आयुष्यभर नावं ठेवली, आणि बोलायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी चहाकडे बोट दाखवलं. मुलीला रविवारी फोन करून शिवणाच्या खोलीचं सगळं सांगणार आहे. बँकेत त्याचा काय उपयोग होईल मला माहीत नाही, पण आपल्या आईनं ते एकटीनं केलं असं समजून तिनं स्वतःला कमी लेखू नये. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुमची ती यादी मात्र चुकीची राहिली आहे आणि तिच्यावर माझी सही आहे. म्हणून ती दुरुस्त करून लिहिते.

गणित विषयाचा चार्ज, मुख्याध्यापिकांकडून शिक्षिकेकडे. अकरावीच्या मुली चौतीस, दहावीच्या एकेचाळीस. लाकडी कंपास एक, टोक मोडलेलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा एक. भूमितीत कच्च्या मुली, आठ. कारण : देणार. भूमितीत कच्च्या मुली, तीन. कारण : घेणार.

वरीलप्रमाणे मिळाले.